हार्ड डिस्क पुन्हा पुन्हा उडतेय? नवी घेण्याआधी या चुका टाळा

घरातल्या सर्व्हरची तिसरी डिस्क उडाली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "त्या डब्यातच काहीतरी आहे बघ. त्यात काही टिकत नाही." चौदा महिन्यांत तीन डिस्क. आधीच्या दोन मी काहीही न तपासता वॉरंटीत बदलून आणल्या होत्या आणि दोन्ही वेळा डिस्क बनवणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. या खेपेला वहीत तारखा आणि सिरियल नंबर मांडून बसलो तेव्हा दिसलं, की तिन्ही डिस्क खालून दुसऱ्या कप्प्यातल्या.

एखादी डिस्क जाणं हे नशीब. पण एकाच डब्यात ओळीने जायला लागल्या, तर संशयितांच्या यादीत डिस्कचं नाव सगळ्यात शेवटी घ्या.

'फेल' दिसलं म्हणजे डिस्क मेली असं धरू नका

सर्व्हर डिस्कला ॲरेमधून, म्हणजे एकत्र जोडलेल्या डिस्कच्या संचातून, बाहेर काढतो तेव्हा त्याला एवढंच माहीत असतं, की वेळेत उत्तर आलं नाही. डिस्क गप्प बसली, की उत्तर केबलमध्ये हरवलं, की क्षणभर वीजच गेली, हे त्याला कळत नाही. ते आपल्याला शोधायचं असतं, आणि त्यासाठी स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींचे, आकडे पुरतात.

५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या नोंदी तबकडीबद्दल बोलतात. ५ म्हणजे खराब होऊन राखीव जागेवर हलवलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्याने ताटकळत ठेवलेले, १९८ म्हणजे तपासणीत वाचताच न आलेले. १९९ मात्र डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या वाटेबद्दल बोलतो. तो वाढत असेल तर बहुतेक वेळा सॅटा केबल, तिचा जोड किंवा मागचा बॅकप्लेन (कप्प्यांमागची, डिस्क जिच्यात खोचतात ती पट्टी) दोषी असतो. हा आकडा कधीच मागे येत नाही, त्यामुळे तो किती आहे यापेक्षा कालच्यापेक्षा वाढला का, ते बघा.

माझ्या तिसऱ्या डिस्कचे ५ आणि १९७ दोन्ही शून्य होते. १९९ होता ३८०. मग सर्व्हर बंद करून दोन डिस्कची अदलाबदल केली. झेडएफएस किंवा लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड (अनेक डिस्कचा एक संच करून चालवणाऱ्या प्रणाली) डिस्कला तिच्यावर लिहिलेल्या ओळखीवरून ओळखतो, कप्प्यावरून नाही, म्हणून हे निर्धास्त करता येतं. (हार्डवेअर रेड कार्ड असेल तर आधी त्याची माहितीपुस्तिका वाचा.) दोन दिवसांत चित्र स्पष्ट झालं: 'मेलेली' डिस्क नव्या जागी शांत, आणि तिच्या जागी आलेल्या धडधाकट डिस्कचा १९९ चढायला लागला. कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याखाली केबल दाबली जात होती. डिस्क दोन वेळा बदलली, केबल एकदाही नाही!

उलट १९७ किंवा १९८ वाढत असेल तर गंभीरपणे घ्या. गूगलने २००७ साली लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पहिला स्कॅन एरर (तबकडी तपासताना आलेली चूक) आलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता तसा एरर नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट निघाली. तिथे केबल बदलत बसू नका, डिस्क बदला.

विजेकडे सगळ्यात शेवटी बघू नका

केबल बदलल्यावर १९९ थांबला. पंधरा दिवसांनी त्याच कप्प्यातली डिस्क पुन्हा बाहेर.

या वेळी सुगावा मिळाला तो १२ क्रमांकाच्या नोंदीत, म्हणजे डिस्कला किती वेळा नव्याने वीज मिळाली त्यात. दोन्ही एकदमच बसवल्यापासून शेजारच्या डिस्कचा आकडा १४ ने वाढला होता, हिचा ९० ने. एकाच डब्यात, एकाच एसएमपीएसवर (वीज पुरवणाऱ्या खोक्यावर)! म्हणजे सर्व्हर चालू असताना या एकटीची वीज जात होती. एका मोलेक्स (जुन्या पद्धतीच्या चार पिनांच्या) वीजजोडातून दोन सॅटा जोड काढणारा स्वस्तातला स्प्लिटर लावला होता, तो उपसून बघितला. पिवळ्या वायरच्या बाजूचं प्लास्टिक करपलेल्या भाकरीच्या कडेसारखं तपकिरी झालेलं. वायरी आत साच्यात ओतून घट्ट केलेले असे स्प्लिटर डेटाच काय, कधीकधी घरही पेटवू शकतात. फेकून द्या.

साडेतीन इंची डिस्क चालू असताना जेमतेम ५ ते ८ वॅट खाते. पण फिरायला लागताना १२ व्होल्टच्या वायरीवरून साधारण २ अँपिअर ओढते. चार डिस्क एकदम उठल्या तर ८ अँपिअर, म्हणजे शंभरेक वॅट, तेही काही सेकंदांत. आठ-दहा वर्षं जुना एसएमपीएस किंवा छोट्या डब्याबरोबर आलेला ६० वॅटचा अडॅप्टर इथे दम टाकतो. डिस्क सकाळी सर्व्हर जागा होतानाच गायब होत असतील तर ही शंका आधी घ्या. पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळणारा साधा मल्टिमीटर सुरुवातीला चालतो: १२ व्होल्टच्या जागी ११.४ च्या खाली दिसलं तर एसएमपीएस बदला. बरोबर दिसलं म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका, क्षणभराचा झोल त्यात दिसत नाही.

आणि इन्व्हर्टर म्हणजे यूपीएस नव्हे. चांगला एसएमपीएस वीज गेल्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर लाइट गेल्यावर त्याला वळायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. पंखा, ट्यूबलाइटला ते समजत नाही, सर्व्हरला समजतं. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते दाबा. त्याहून बरं म्हणजे सर्व्हरला वेगळा छोटा यूपीएस द्या आणि त्याची यूएसबी वायर जोडून सर्व्हर आपोआप नीट बंद होईल अशी सोय करा. लिहिता लिहिता वीज गेली तर १९७ मध्ये एक-दोन सेक्टर अडकतात. त्यांवर पुन्हा लिहिल्यावर आकडा शून्य झाला आणि ५ हलला नाही, तर डिस्क ठीक आहे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मात्र आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, अर्थिंगचं काम आहे ते.

कारण सापडण्याआधी रीबिल्ड सुरू करू नका

हा मोह भारी असतो. पण रीबिल्डमध्ये, म्हणजे बदली डिस्कवर डेटा परत उभा करताना, उरलेल्या डिस्क सलग तासन्‌तास वाचल्या जातात, आणि बिघडलेल्या कप्प्यात ते अर्ध्यावर तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून. आधी महत्त्वाचा डेटा बाहेरच्या डिस्कवर काढा. रेड म्हणजे बॅकअप नाही हे सगळ्यांना पाठ असतं, पाळत कोणी नाही. मीही नाही पाळलं.

बदली डिस्क डोळे झाकून घेऊ नका

एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक घरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. एक कौल बदलायला शेजारची उचलावी लागतात, म्हणून सलग लिखाणात ती मंदावते, आणि रीबिल्डच्या वेळी तर इतकी की सर्व्हर तिला मेलेली समजतो. वेस्टर्न डिजिटलने २०२० मध्ये नॅससाठीच्या (नेटवर्कवरून फायली देणाऱ्या डब्यासाठीच्या) 'रेड', म्हणजे लाल, नावाच्या मालिकेतल्या काही २ ते ६ टीबी डिस्क एसएमआर असल्याचं मान्य केलं, तेव्हा बऱ्याच जणांना आपल्या रीबिल्डचं कोडं उलगडलं. मॉडेल नंबर बघून सीएमआरच, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेलीच, घ्या.

डेस्कटॉपसाठीची डिस्कही अशीच फसवते. खराब सेक्टर वाचायला ती मिनिटभर झटत राहते, आणि लिनक्स ३० सेकंदांत कंटाळून जोडणी रीसेट करतो. नॅसवाली डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानते आणि ॲरे दुसरीकडून डेटा घेतो. स्मार्टसीटीएल या आज्ञेने ही मर्यादा तपासता येते, काही डिस्कवर लावताही येते. बऱ्याचदा वीज गेली की ती पुसली जाते, म्हणून आज्ञा सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये टाका.

'नवीन' डिस्कचे चालू तास शून्य दिसले म्हणून खूश होऊ नका, ते पुसता येतात. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं, ते फार्म नावाच्या दुसऱ्या नोंदीमुळे. त्या डिस्कच्या स्मार्टमधले तास पुसले होते, फार्ममधले राहिले होते.

उष्णता, कंपन यांच्याकडेही बघा, पण ओळीने मागे. डिस्क ४५ अंशांच्या आत ठेवा, सर्व्हर माळ्यावर बंद कपाटात कोंबू नका, कॅबिनेट मिक्सरच्या ओट्यावर नको.

माझी तिसरी डिस्क वॉरंटीत गेलीच नाही. नवा एसएमपीएस घेतला, तिला त्याचीच सरळ वायर दिली आणि खालून दुसऱ्या कप्प्यात परत बसवली. आठ महिने झाले. १९९ अजून ३८० वरच आहे.