रीच घटल्यावर आधी काय तपासावे
इन्स्टाग्रामवर रीच (पोस्ट किती जणांपर्यंत पोहोचते तो आकडा) घटला की अनेकजण घाईने पोस्टची संख्या वाढवतात, ते टाळावे. आधी इनसाइट्स (ॲपमधील आकडेवारीचा विभाग) उघडून पोस्ट पाहणारे फॉलोअर कमी झाले की नवे प्रेक्षक, हे पाहावे. नवे प्रेक्षक घटले असतील, तर सेटिंग्जमधील ‘अकाउंट स्टेटस’मध्ये आपल्या पोस्ट शिफारशीस पात्र आहेत का, हे तपासावे आणि दुसऱ्या ॲपचा वॉटरमार्क (व्हिडिओवर उमटलेले त्या ॲपचे चिन्ह) असलेले रील टाकणे थांबवावे, कारण असे व्हिडिओ इतरांना सुचवले जाण्याची शक्यता कमी असते. फॉलोअरच दुरावले असतील, तर रीलच्या रिटेन्शनचा (प्रेक्षक व्हिडिओ कुठपर्यंत पाहतात याचा) आलेख नीट न्याहाळावा: पहिल्या ३ सेकंदांतच रेषा कोसळत असेल, तर नमस्कार-प्रस्तावना काढून थेट मुख्य दृश्यानेच सुरुवात करावी. हॅशटॅगच्या खटाटोपापेक्षा तोच वेळ कमेंट्सना मनापासून उत्तरे देण्यात घालवावा.