ब्लॉग सुरू करताय? आधी मीटर काढा

आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. त्यामुळे पाण्याची पाळी असेल ती माझी लिहायची रात्र. मोटर लावायची, पाइप बॅरलमध्ये सोडायचा आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन पायरीवर बसायचं. अशाच एका रात्री नवी पोस्ट टाकून वीस मिनिटं झाली होती. लिहिणं कधीच संपलं होतं, मी फक्त पान रिफ्रेश करत होतो. अकरा. अकरा. बारा. पुन्हा बारा. तेवढ्यात शेजारच्या अक्का दार उघडून ओरडल्या, "अय्यो, पाणी गटारीत चाललंय की ओ!" बॅरल भरून, अंगण भरून पाणी रस्त्याला लागलं होतं. सोलापुरात माणसं भांडण विसरतात, वाया घालवलेलं पाणी विसरत नाहीत. अक्का अजून ऐकवतात.

आणि तो बारावा वाचक कोण? मीच. पोस्ट मोबाइलवर कशी दिसते ते बघायला मधेच उघडली होती.

नव्याने ब्लॉग सुरू करणारी मुलं मला विचारतात, थीम कुठली घेऊ, नाव काय ठेवू, आठवड्याला किती लिहू. त्याची उत्तरं कुणीही देईल. मी एकच सांगतो, वाचकांचा आकडा दिसणार नाही अशी सोय पहिल्याच दिवशी करा. सवय लागल्यावर ती सोडवणं फार अवघड जातं. मला दोन वर्षं लागली.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिझाइनचं काम करतो. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळा मराठी. ब्लॉग काढला तो मागावरचे शब्द गोळा करायला, कारण ते शब्द म्हाताऱ्या विणकरांबरोबरच चाललेत. मराठीत माग, कन्नडात मग्ग, तेलुगूत मग्गम. यंत्राचं नाव तिन्ही भाषांनी जवळजवळ एकच ठेवलंय, पण त्यात इकडून तिकडे पळणाऱ्या वस्तूवर मात्र तिघींचं जमलं नाही: धोटा, लाळी, नाडे. असं काही हाती लागलं की मला झोप येत नाही. आता अशा विषयाला वाचक किती मिळणार? मिळायचे तेवढेच मिळत होते.

मग जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेवर एक पोस्ट लिहिली. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, होम मैदानावरची गर्दी. कुणीतरी ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवली आणि आकडा हजारापलीकडे गेला. मित्र भेटला की "काय बे, किती झाले आज?" असं विचारायला लागला. पुढचे तीन महिने मी काय लिहिलं? शेंगाचटणी. कडक भाकरी. सोलापुरात आल्यावर काय खावं. पुन्हा शेंगाचटणी. मला ती खायला आवडते, पण तिच्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. उखळात कुटलेली वेगळी लागते आणि मिक्सरमधली वेगळी, एवढी एक गोष्ट मी दोन पोस्टींत ताणली. मागाच्या शब्दांची वही कपाटावर धूळ खात पडली. मला कुणी शेंगाचटणीवर लिही म्हणून सांगितलं नव्हतं. आलेखाची एक रेघ वर गेली होती, तिच्या मागे मी गेलो.

त्याच काळात एका सकाळी उठून बघतो तर रातोरात चारशे वाचक, तेही सिंगापूरचे. मी चहा घेता घेता घरात जाहीर केलं. बायको म्हणाली, "सिंगापूरला कोण आहे आपलं?" मला वाटलं, असतील आपली मराठी माणसं. तिचा प्रश्न बरोबर होता. पहाटे तीन वाजता एकाच मिनिटात तीस पानं उघडणारा माणूस नसतो, तो बॉट असतो, म्हणजे आपोआप पानं उघडत फिरणारा प्रोग्रॅम, आणि बॉट बहुधा अशा देशांतून येताना दिसतात जिथे मोठी डेटा सेंटर आहेत. काही बॉट तर मुद्दाम, वाचक कुठून आले ते दाखवणाऱ्या आपल्या यादीत स्वतःचा पत्ता सोडून जातात. हा कोण बरं, असं म्हणून तुम्ही त्या दुव्यावर क्लिक करता आणि भलत्याच जाहिरातीच्या पानावर पोचता. मी केलं होतं.

तेव्हा हा आकडा नेमकं काय मोजतो ते आधी समजून घ्या. कुणाच्या तरी यंत्राने तुमचं पान मागितलं, एवढीच नोंद त्यात असते. माणसाने वाचलं की नाही, हे त्यात नाही. एकच माणूस तीनदा आला तर तीन. उघडून लगेच बंद केलं तरी एक. तुमच्या स्वतःच्या भेटी मोजू नयेत अशी सोय काही ठिकाणी असते, पण ती बहुधा त्या एका ब्राउझरपुरती चालते. मोबाइलवरून गेलात की तुम्ही पुन्हा परके. उलट बाजूला, ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं काही लावलेला वाचक गुगल अ‍ॅनालिटिक्ससारख्या साधनांत बहुतेक वेळा दिसतच नाही. फीड रीडरमध्ये, म्हणजे निरनिराळ्या ब्लॉगच्या नव्या पोस्टी एकत्र दाखवणाऱ्या साधनात, वाचणारा बहुधा दिसत नाही. आणि आपल्याकडची खास पद्धत म्हणजे अख्खा मजकूर उचलून, लेखकाचं नाव गाळून व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवायचा. तो पन्नास गटांत वाचला गेला तरी तुमच्याकडे शून्य. म्हणजे आकडा कधी फुगलेला, कधी आटलेला, आणि आज त्यातला कुठला, हे कळायला मार्ग नाही.

आकड्याशी माझं तसं वैर नाही. आमचं घर आकड्यावरच चाललं. आई विड्या वळायची. हजार विड्यांची मजुरी ठरलेली. पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधून संध्याकाळी सूप पुढे घेऊन मोजायची, आणि तपासणीत छाट निघाली की तोंड एवढंसं करून घरी यायची. तिच्या आकड्याला तांदूळ येत होते. गड्ड्याच्या पोस्टची बातमी तिला सांगितली, हजारावर लोकांनी वाचलं म्हणून. तिने शांतपणे विचारलं, "हजारी काय मिळतं?"

मी हसलो खरा, पण जाहिरातवाल्यांचा हिशेबही हजारीच असतो. जाहिरात हजार वेळा दिसली की इतके पैसे. ज्याला ब्लॉगवर जाहिराती लावून कमवायचं आहे, त्याने आकडे बघितलेच पाहिजेत, त्याने माझं ऐकू नये. कंटेंट रायटिंगच्या नोकरीसाठी नमुना म्हणून ब्लॉग चालवणाऱ्यालाही मुलाखतीत ट्रॅफिक विचारतात. त्याने महिन्यातून एकदा मित्राला बघायला सांगावं आणि तो कागद फाइलला लावून मोकळं व्हावं. बाकीच्यांनी, म्हणजे ज्यांना हजारी काहीच मिळत नाही त्यांनी, मीटर कशाला बघायचं?

कारखान्यात मागाला काउंटर असतो. किती विणलं ते तो बरोबर सांगतो. पण मजुरी नुसत्या त्याच्यावर ठेवली की काय होतं हे मागांची देखभाल करणाऱ्या कुठल्याही जॉबरला विचारा: सुताची एखादी तार तुटली तरी माग थांबवायचा हात पुढे होत नाही, कारण थांबलं की आकडा थांबतो. मग कापडात वीतभर रेघ पडते. ती काउंटरला दिसत नाही. तपासणीच्या टेबलावर कापड पसरून, उजेडात धरून, बोटं फिरवावी लागतात. शेंगाचटणीची दुसरी पोस्ट हे माझं तसलंच कापड होतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

गुगलच्या ब्लॉगरवर लिहिणार असाल तर आकडेवारी बंद करण्याचं बटण शोधत बसू नका. डावीकडच्या यादीतला तो विभाग उघडायचा नाही हे सोपं आहे, पण पोस्टच्या यादीतही प्रत्येक पोस्टपुढे पाहणाऱ्यांचा आकडा बसलेला असतो आणि तो चुकवता येत नाही. मी दोन गोष्टी केल्या. फायरफॉक्समध्ये युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं साधन टाकून, त्यातली पानावरचा नको तो तुकडा निवडून लपवायची सोय वापरली आणि तेवढा आकडा झाकून टाकला. दुसरी गोष्ट जास्त कामाची ठरली: सेटिंग्जमध्ये ईमेलने पोस्ट पाठवण्याची सोय आहे. एक गुप्त पत्ता ठरवायचा, त्यावर मेल टाकली की विषयाची ओळ शीर्षक होते आणि मजकूर पोस्ट. डॅशबोर्ड उघडायचं कामच उरत नाही. हा पत्ता मात्र कुणाला देऊ नका, नाहीतर तुमच्या ब्लॉगवर तुमच्या मित्राची कविता येईल. मांडणीत एकूण भेटींचा डबा ठेवला असेल तर तो काढा, आणि अ‍ॅनालिटिक्सच्या आयडीची जागा रिकामीच सोडा.

वर्डप्रेसचं दोन तऱ्हांचं आहे. वर्डप्रेस डॉट कॉमवर आकडे सोबतच येतात. स्वतःची जागा घेऊन वर्डप्रेस बसवलंत तर मूळ सॉफ्टवेअरमध्ये वाचक मोजण्याची सोय नसते, ती जेटपॅकसारख्या प्लगइनमधून, म्हणजे वरून जोडायच्या सॉफ्टवेअरमधून, येते. तेव्हा प्लगइन टाकू नका, झालं. बसवून देणारा पोरगा फुकटात टाकून देतो म्हणेल, त्याला चहा पाजा आणि नको म्हणा. होस्टिंगच्या पॅनलमध्येही बऱ्याचदा एडब्ल्यूस्टॅट्स नावाचं, भेटींचे आकडे दाखवणारं एक चिन्ह असतं. तिकडे जायचं नाही.

तंत्राची थोडी आवड असेल तर ह्यूगो किंवा जेकिल ही लिखाणाची तयार पानं बनवून देणारी साधनं शिकून गिटहब पेजेसवर साधी पानं ठेवा. तिथे पान किती जणांनी पाहिलं हे तुम्हाला सांगितलंच जात नाही. शिकायला मला पाच-सहा रविवार लागले, त्यातला एक अख्खा तारखेच्या चुकीत गेला. हल्ली मी तिथेच आहे.

इथे एक फरक ध्यानात घ्या. आपण आकडा न बघणं वेगळं आणि नोंदच न होणं वेगळं. सर्व्हर कुणाचाही असो, पान मागणाऱ्याचा आयपी पत्ता, वेळ, कुठलं पान, कुठला ब्राउझर हे त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, पडू शकतं. शिवाय तुम्ही यूट्यूबचा व्हिडिओ चिकटवला किंवा बाहेरून फॉन्ट आणला, तर वाचकाचा ब्राउझर तिकडेही जाऊन येतो. म्हणून 'या ब्लॉगवर कसलीही माहिती गोळा होत नाही' असं छातीठोक लिहू नका. मी लिहिलं होतं, एका इंजिनिअर वाचकाने दुरुस्त करायला लावलं. आता लिहितो, 'मी वाचकांचे आकडे बघत नाही.' तेवढं खरं आहे.

एका जागेचा मला उशिरा पत्ता लागला. डॅशबोर्ड सुटला, पण मी पोस्टचा दुवा व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला ठेवायचो, आणि स्टेटसखाली तो डोळा असतो. किती जणांनी पाहिलं, कुणी पाहिलं, नावासकट. ब्लॉगचा आकडा निदान बिननावाचा असतो. इथे तर आतेभावाने पाहिलं आणि बोलला नाही, हेही कळतं. मी महिनाभर आतेभावावर रुसलो होतो. त्याला पत्ताच नाही. आता स्टेटसला दुवा ठेवत नाही. ज्याला एखादी पोस्ट लागू पडेल असं वाटतं त्या एकाला थेट पाठवतो, आणि निळ्या खुणा सेटिंग्जमधून बंद.

नुकसानही सांगतो. आकडे बंद केल्यावर एक जुना दुवा सात महिने तुटलेला होता आणि मला माहीत नव्हतं. म्हणून तीन महिन्यांनी एकदा सगळ्या पोस्टींतले दुवे स्वतः दाबून बघतो. कंटाळवाणं काम आहे, पण त्या निमित्ताने जुनं लिखाण वाचून होतं आणि शुद्धलेखनाच्या चुका सापडतात. दुसरं, पहिले पाच-सहा महिने फार शांत जातात. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं. त्या शांततेत पुष्कळजण परत मीटर लावतात. तेवढे दिवस काढायला एक युक्ती करा: प्रत्येक पोस्टच्या शेवटी तुमचा मेलचा पत्ता द्या आणि वाचणाऱ्याला उत्तर देता येईल असा एक नेमका प्रश्न विचारा. 'कसं वाटलं?' असा नको, त्याला 'छान' एवढंच उत्तर येतं. मी विचारतो, 'तुमच्याकडे याला काय म्हणतात?'

त्याला उत्तरं येतात. थोडी, पण लांबलचक. गेल्या महिन्यात भिवंडीहून एका विणकराच्या मुलाची मेल आली. सोलापुरातून तिकडे गेलेलं कुटुंब, घरात अजून तेलुगू. वडिलांचा लाकडी धोटा कपाटात जपून ठेवलाय, त्याचा फोटो पाठवला. टोकं पितळी, पोटात कांडी तशीच, तिच्यावर अजून थोडं लाल सूत. त्याने विचारलं होतं की धोट्याच्या कडेला असलेल्या त्या बारीक भोकाला, ज्यातून सूत बाहेर येतं, काही नाव आहे का. वडील काहीतरी म्हणायचे, त्याला आठवत नाही.

मला माहीत नाही. आमच्या कारखान्यात विचारलं, तिथल्या मागांना आता धोटाच नाही. अशोक चौकाजवळ एक निवृत्त जॉबर राहतात, त्यांना ठाऊक असेल. रविवारी जाणार आहे. अकराच्या आत गाठायला हवं, नंतर ते जेवून झोपतात.