अमेरिकेत मुलांकडे कायमचं जाण्याआधी: आई-बाबांसाठी तयारीची यादी

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक झाली की घरात विषय निघतोच: "आता तुमचं ग्रीनकार्ड (अमेरिकेत कायमचं राहण्याचा परवाना) फाइल करूया, तिथे एकटे कशाला राहता?" बोलणं प्रेमाचं असतं आणि त्यात तथ्यही असतं. पण मुलांच्या डोळ्यांसमोर व्हिसाची तयारी असते, म्हातारपणाची तयारी आपल्यालाच करावी लागते. माझं मत आधीच सांगतो. जायला जरूर जा, पण पहिली पाच वर्षं इथलं घर, इथला मेडिक्लेम आणि इथली पेन्शन यातलं काहीही मोडू नका. पाचच वर्षं का, ते पुढे औषधपाण्याच्या भागात येईल.

फाइल करण्याआधी एक हिवाळा तिथे काढा. आपल्यापैकी बहुतेक जण मे ते ऑक्टोबर जाऊन येतात. तेव्हा रात्री आठपर्यंत उजेड असतो, मुलं सुट्ट्या काढून फिरवतात, मंडळाचा गणपतीही त्यातच होतो. त्यावरून कायमच्या मुक्कामाचा अंदाज येत नाही. न्यू जर्सी किंवा शिकागोत जानेवारीत संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधार पडतो, पदपथावर बर्फ घट्ट होऊन निसरडं होतं आणि रोजची फेरी बंद पडते. टुरिस्ट व्हिसावर साधारण सहा महिने राहता येतं. त्यातले डिसेंबर ते फेब्रुवारी निवडा आणि मुलांना बजावून सांगा की आमच्यासाठी रजा घ्यायची नाही. सोमवार ते शुक्रवार, सगळे कामावर आणि शाळेत गेल्यावर, गाडी न चालवता तुमचा दिवस कसा जातो, हेच तर पाहायचं आहे. वाचनालय, दुकान, सिनियर सेंटर यातलं काय पायी गाठता येतं? न्यू जर्सीत एडिसनच्या ओक ट्री रोडजवळ, भारतीय दुकानांच्या शेजारी राहणं आणि टेक्सासच्या एखाद्या नव्या वसाहतीत राहणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ही चाचणी अर्जाआधीच करायची, कारण ग्रीनकार्डचा अर्ज दाखल झाला की टुरिस्ट व्हिसावर "परत जाणार" हे पटवून देणं कठीण होतं.

अर्ज कोण करू शकतं, ते थोडक्यात. मूल अमेरिकेचं नागरिक आणि किमान 21 वर्षांचं हवं. नुसतं ग्रीनकार्ड असलेल्या मुलाला आई-वडिलांसाठी अर्ज करता येत नाही. नागरिकांच्या आई-वडिलांना वार्षिक कोटा नाही, त्यामुळे भावंडांच्या अर्जासारखी वर्षानुवर्षांची रांग लागत नाही. ऑस्ट्रेलियात हेच जास्त पैसे भरून मिळणाऱ्या पालक-व्हिसाने करायचं तर माणशी 40 हजार ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या वर शुल्क पडतं, शिवाय निदान निम्मी मुलं, किंवा इतर कोणत्याही एका देशापेक्षा जास्त मुलं, तिथे स्थायिक असावी लागतात. कॅनडाचा सुपर व्हिसा एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू देतो, पण तो कायमचा निवास नव्हे. हे सांगण्याचं कारण इतकंच, की दोन मुलं दोन देशांत असतील तर कोणाकडे जायचं हे ठरवताना कायद्यातला हा फरकही पाहा.

आता कागदपत्रं. सगळ्यांत जास्त वेळ इथेच जातो. आपल्या पिढीतल्या अनेकांकडे जन्मदाखलाच नाही. अशा वेळी जन्म झाला त्या गावच्या नगरपालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून "नोंद आढळत नाही" असा दाखला घ्यायचा, त्याला शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वयस्कर नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडायची. प्रतिज्ञापत्र देऊ शकेल असा मामा, मावशी, थोरला चुलतभाऊ कोणी असेल तर हे काम उद्यावर टाकू नका. लग्नाची नोंदणी झालेली नसेल तर आता करून घ्या, इतक्या वर्षांनीही ती होते. आणि नावं! पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं सासरी बदललेलं नाव, बँकेत नुसती आद्याक्षरं. मुलाच्या जन्मदाखल्यावरची आई आणि पासपोर्टवरची आई एकच, हे अधिकाऱ्याला कागदावरून दिसलं पाहिजे. त्यासाठी नावबदलाची गॅझेटमधली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र यातलं काय लागेल ते आधीच ठरवा. पोलीस क्लिअरन्स, म्हणजे नावावर गुन्हा नसल्याचा दाखला, पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं. वैद्यकीय तपासणी मात्र दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचं पत्र चालत नाही.

यानंतर औषधपाणी. अमेरिकेत 65 वर्षांवरच्यांना मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यविमा, मिळतं, हे अर्धंच खरं आहे. नव्याने गेलेल्या ग्रीनकार्डधारकाला मेडिकेअर विकत घेण्याआधी तिथे सलग पाच वर्षं राहावं लागतं. त्यानंतरही ते फुकट नसतं. त्याचे दोन मुख्य भाग, रुग्णालयाच्या खर्चाचा आणि डॉक्टरांच्या खर्चाचा. त्यातला रुग्णालयाचा भाग बिनहप्त्याने मिळायला स्वतःची किंवा जोडीदाराची तिथली साधारण दहा वर्षांची नोकरी लागते. "मुलाने इतका टॅक्स भरलाय की" या बोलण्याचा इथे काही उपयोग नाही, मुलाची नोकरी आई-वडिलांसाठी मोजली जात नाही. 2025 साली रुग्णालयाच्या भागाचा पूर्ण हप्ता महिन्याला 518 डॉलर होता आणि डॉक्टरांच्या भागाचा 185 डॉलर. नवरा-बायको मिळून महिना 1406 डॉलर, म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या आसपास, आणि औषधांचा विमा वेगळाच. पात्र झाल्यावर मुदतीत नोंदणी केली नाही तर हप्ता कायमचा चढा राहतो, म्हणून ती तारीख मुलाच्या कॅलेंडरमध्ये आजच टाकायला लावा.

पहिल्या पाच वर्षांचं काय? गरिबांसाठीच्या मेडिकेडलाही बहुतेक ठिकाणी पाच वर्षांची अट आहे. उरतो तो राज्याच्या आरोग्यविमा बाजारातला खासगी विमा. तिथे रक्तदाब, मधुमेह, अँजिओप्लास्टी अशा जुन्या आजारांवरून नकार देता येत नाही, ही खरंच मोठी सोय आहे. पण साठीपुढच्या माणसाचा हप्ता तरुणाच्या तिप्पट असू शकतो. हप्त्यात सवलत मिळेल की नाही, हे उत्पन्नावर ठरतं, आणि मुलाने करासाठी तुम्हाला आश्रित दाखवलं तर त्याच्या घरचं उत्पन्न धरलं जातं. सवलतीचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून जाण्याच्या वर्षीचा आकडा मुलाकडून लेखी मागवा: हप्ता किती आणि वर्षाला खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकतं. पोहोचल्यापासून 60 दिवसांत हा विमा घ्यायचा असतो. "घरातच तर राहणार आहोत, बघू नंतर" असं म्हणून विमा टाळलेला असताना मांडीचं हाड मोडलं, तर मुलाची बचत धुऊन निघते. विम्याचा हा खर्च झेपणार नसेल तर जाणं पुढे ढकला. हे मी अगदी कळवळून सांगतो आहे.

म्हणूनच इथला मेडिक्लेम बंद करायचा नाही. तो तिकडे सहसा उपयोगी पडत नाही, तरी हप्ता भरत राहा. सत्तरीत परत आल्यावर नवा घ्यायला गेलात तर जुन्या आजारांसाठी पुन्हा प्रतीक्षाकाळ लागतो, आणि मुळात देतील की नाही हाच प्रश्न. निघण्यापूर्वी दात आणि मोतीबिंदू यांची कामं उरकून घ्या. तिथल्या मूळ मेडिकेअरमध्येही नेहमीचे दातांचे उपचार, चष्मा आणि कानाचं यंत्र येत नाही. औषधं तीन महिन्यांची, मूळ वेष्टनात, आणि चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घेतलेलं. पॅरासिटामॉल तिकडे असिटामिनोफेन या नावाने मिळतं, इतका साधा फरकही रात्री अडीच वाजता घाबरवतो.

पैशांची मांडणी दोन्ही देशांच्या नियमांनी बदलते. भारत कायमचा सोडला की बँकेचं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयांतलं खातं, करून घ्यावं लागतं. त्यावरच्या आणि एफडीवरच्या व्याजातून 30 टक्के आणि वर अधिभार असा कर मुळातच कापला जातो. कर कापू नका म्हणून आपण दर एप्रिलला बँकेत देतो तो ज्येष्ठांचा फॉर्म अनिवासींना देता येत नाही. अमेरिका-भारत करारामुळे व्याजावरचा दर कमी करून घेता येतो, पण त्यासाठी तिथल्या कर खात्याचं निवासाचं प्रमाणपत्र लागतं. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालवता येतं, वाढवता येत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवी रक्कम ठेवता येत नाही. एनआरओतून वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत, कर भरून, बाहेर नेता येतात. आपल्या मध्यमवर्गीय पुंजीला ही मर्यादा भरपूर आहे.

दुसरी बाजू अमेरिकेची. ग्रीनकार्ड घेतलं की जगभरातलं उत्पन्न तिथे दाखवावं लागतं: इथली पेन्शन, एफडीचं व्याज, फ्लॅटचं भाडं, इथे करमुक्त असलेलं पीपीएफचं व्याजसुद्धा. कर शून्य निघाला तरी माहिती द्यावी लागते. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात एकदाही 10 हजार डॉलरांवर गेली तर त्याचं वेगळं विवरण भरायचं असतं आणि ते चुकल्यास दंड जबर आहे. भारतीय म्युच्युअल फंडांवर तिथे करआकारणी फार किचकट आहे, हिशेबनीसाची फीच फायदा खाऊन टाकते. फंड विकायचे असतील तर अमेरिकेत कायमचं पाऊल ठेवण्याआधी विकणं बरं. दोन्हीकडचे नियम कळणाऱ्या सीएची एक तासाची फी द्या. सगळ्या तयारीत याहून उपयोगी खर्च मला माहीत नाही.

पेन्शनवाल्यांनी हयातीच्या दाखल्याची सोय आधी लावावी. आधारवर चेहरा ओळखणाऱ्या अ‍ॅपने जीवनप्रमाण घरबसल्या होतं, ते इथे असतानाच एकदा स्वतः करून पाहा. तिकडे वकिलातीतूनही दाखला मिळतो. आणि भारतातलं सिमकार्ड रोमिंगसह जिवंत ठेवा. ओटीपी येईना म्हणून स्वतःच्याच पैशांपर्यंत न पोहोचणारे लोक मी पाहिले आहेत.

घराचं म्हणाल तर पहिल्या पाच वर्षांत विकू नका. भाड्याने द्यायचं असेल तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला हवा, भाडेकरूची माहिती पोलिसांना दिलेली हवी. घरमालक अनिवासी असेल तर भाड्यातून कर कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. हे त्याला आधीच सांगा, नाहीतर नोटीस आल्यावर संबंध बिघडतात. गावाकडे शेती असेल तर ती ठेवता येते. अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही आणि असलेली विकायची तर भारतात राहणाऱ्या नागरिकालाच. सातबारावरच्या वारसनोंदी निघण्यापूर्वी लावून घ्या. कुलमुखत्यारपत्र इथेच, सबरजिस्ट्रारकडे नोंदवून द्या, आणि त्यात कामं मोजकी लिहा: भाडं, सोसायटी, मालमत्ता कर. विक्रीचा अधिकार भाच्यालाही सरसकट देऊ नये असं मला वाटतं.

तिथल्या घरात काय हवं, हे मुलांशी आणि त्याहून आधी सुनेशी किंवा जावयाशी उघड बोला. स्वतःची खोली, शक्यतो तळमजल्यावर आणि न्हाणीघरासह. स्वतःचं बँक खातं आणि दर महिन्याला त्यात ठरावीक पैसे, भाजी आणायलाही हात पसरावा लागू नये म्हणून. नातवंडांना किती तास सांभाळायचं, तेही. नातवंडांचा सहवास हे जाण्याचं सर्वांत मोठं सुख आहे. शाळेतून आलेलं पोर आजीला मराठीत भांडून सांगतं, त्याची किंमत कशातच होत नाही. पण रोज अकरा तासांचं पाळणाघर पासष्टीत गुडघ्यांना झेपत नाही, आणि एकदा सुरू केलं की बंद करताना मनं दुखावतात. गाडी चालवता येत असेल तर तिथला परवाना काढाच. महाराष्ट्र मंडळ, मराठी शाळा, मंदिर, वाचनालय यापैकी निदान एक ठिकाण असं हवं की जिथे तुम्हाला "अमक्याचे बाबा" म्हणून नव्हे, तुमच्या नावाने ओळखतात. मुलांच्या मित्रांच्या पार्ट्यांवर म्हातारपण निभत नाही.

ये-जा करत राहायचा विचार असेल तर ग्रीनकार्डाचे नियम कडक आहेत. सहा महिन्यांवर बाहेर राहिलात तर विमानतळावर प्रश्न विचारतात, वर्षावर राहिलात तर ते कार्ड परत प्रवेशाला चालत नाही. लांब मुक्कामासाठी दोन वर्षांपर्यंतचा पुनर्प्रवेश परवाना मिळतो, पण त्याचा अर्ज अमेरिकेत हजर असतानाच करावा लागतो. लांबच्या गैरहजेरीने मेडिकेअरची पाच वर्षांची मोजणीही अडचणीत येऊ शकते. "सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे" हे ऐकायला छान वाटतं. तसंच जगायचं असेल तर ग्रीनकार्ड न घेता टुरिस्ट व्हिसावर जाऊन येत राहणं अधिक सुटसुटीत आहे, आणि बऱ्याच जोडप्यांसाठी मला तोच मार्ग योग्य वाटतो.

शेवटचे दोन कागद कोणालाच काढावेसे वाटत नाहीत. इथल्या मालमत्तेचं इच्छापत्र निघण्यापूर्वी, इथल्याच साक्षीदारांसमोर करा आणि बँक, डिमॅट, सोसायटी सगळीकडचं नॉमिनेशन तपासा. दुसरा कागद उपचारांच्या निर्णयाचा: शुद्ध नसताना कोणी ठरवायचं, व्हेंटिलेटर हवा की नको. अमेरिकेत रुग्णालयात तो दाखल होतानाच मागतात. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली अशा लेखी इच्छेला मान्यता दिली आणि 2023 साली त्याची पद्धत सोपी केली. दोन्हीकडे एकेक प्रत असू द्या. दहन तिथेच करायचं की अस्थी नाशिकला आणायच्या, हेही मुलांना सांगून ठेवा. लिहून दिलंत तर उत्तम, कारण त्या दिवशी दोन भावंडं दोन वेगळ्या गोष्टी आठवतात.