जुनी जपानी बाहुली विकत घेताय? या चुका टाळा

जुनी जपानी पोर्सेलिनची बाहुली, म्हणजे माणसाची किंवा प्राण्याची छोटी मूर्ती, हातात आली की आपण आधी तिचा चेहरा बघतो. खरं तर ती आधी उलटी करायची. डोकं किंवा हात धरून नव्हे. एक हात तळाखाली, दुसरा पाठीला.

तळावर ‘मेड इन जपान’ दिसलं तर सतराव्या शतकाचं स्वप्न सोडा. अमेरिकेच्या 1890 च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं. आधी ‘निप्पॉन’ (जपानचंच जपानी नाव) लिहीत, 1921 नंतर ‘जपान’. ‘ऑक्युपाइड जपान’ (परक्या सैन्याच्या ताब्यातला जपान) म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरचा, 1952 पर्यंतचा माल. पण शिक्का नाही म्हणजे वस्तू जुनी, असंही समजू नका. शिक्का घासून काढायला कितीसा वेळ लागतो? तिरप्या उजेडात धरा. घासलेल्या जागी झिलई मंद दिसते.

जपानमधल्या आरिता गावच्या काकिएमोन शैलीच्या, म्हणजे पांढऱ्या पोर्सेलिनवर झिलईवरून रंगवलेल्या, खऱ्या बाहुल्या साधारण 1660 ते 1690 च्या. डच ईस्ट इंडिया कंपनीने त्या नागासाकीहून युरोपात नेल्या. ब्रिटिश म्युझियममधली पांढऱ्या हत्तींची जोडी त्यातलीच. कारागिरांनी हत्ती बहुधा पाहिलाच नव्हता, हे आपल्याला लगेच कळतं! नकलाही भरपूर झाल्या. पॅरिसच्या साम्सोन कारखान्याचा तर तोच धंदा होता.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे तळ ‘स्वच्छ’ करणं. वस्तू कुठून आली याच्या जुन्या खुणा त्यात जातात, आणि वय ठरतं ते अशा पुराव्यांवरच. इंग्लंडमधल्या बर्ली हाउसच्या जपानी कुस्तीगीरांची नोंद 1688 च्या घरयादीत आहे, म्हणून त्यांचं वय पक्कं सांगता येतं. जर्मनीतल्या सॅक्सनीचा राज्यकर्ता ऑगस्टस याच्या ड्रेस्डेनमधल्या संग्रहातल्या वस्तूंवर चाकाने कोरून काळे केलेले आकडे असतात. त्यातल्या जादा वस्तू 1919-20 मध्ये बर्लिनला लिलावात गेल्या, त्यामुळे असा आकडा बाजारातही भेटू शकतो. त्याला ओरखडा समजू नका.

मी स्वतः एक छोटा कुत्रा रात्रभर साबणाच्या पाण्यात ठेवला होता. सकाळी जुन्या संग्राहकाचं कागदी लेबल लगदा होऊन तरंगत होतं, आणि शेजारी कुत्र्याचा कान. कान कधीतरी चिकटवलेला होता, हे तेव्हा कळलं. आता मी फक्त मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकतो, तीही झिलईवरचे रंग सुटत नसतील तिथेच. निखळलेला तुकडा झटपट गोंदाने चिकटवू नका. कापसात गुंडाळून डबीत ठेवा आणि जाणकार दुरुस्तीवाल्याकडे न्या.

नजर तयार करायची असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेली चिनी-जपानी भांडी तिथे आहेत.