फोर्ट्रानमधील आकडे पायथनमध्ये बिनचूक कसे न्यावेत

कोल्हापूर जिल्ह्यातील बारा तालुक्यांचा १ जून ते ३० सप्टेंबर या १२२ दिवसांचा दैनंदिन पाऊस फोर्ट्रान या संगणकभाषेतील एका प्रोग्राममध्ये १२२ ओळी आणि १२ स्तंभांच्या ॲरेत, म्हणजे संख्यांच्या तक्त्यात, आहे आणि पुढचे विश्लेषण पायथन या दुसऱ्या संगणकभाषेत करायचे आहे, असे धरून चालू. एवढी छोटी माहिती साध्या मजकुराच्या फाइलमधून न्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ती कोणत्याही एडिटरमध्ये उघडून डोळ्यांनी तपासता येते.

मजकुरातून नेताना पहिला प्रश्न अंकांचा येतो. फोर्ट्रानमधील दुहेरी अचूकतेची संख्या ६४ बिटांची असते आणि ती जशीच्या तशी परत मिळावी यासाठी १७ सार्थ अंक (पहिल्या शून्येतर अंकापासून मोजलेले) लिहावे लागतात. एकेरी अचूकतेला ९ पुरतात. दुहेरी अचूकतेसाठी ‘ईएस२५.१६ई३’ हा फॉरमॅट वापरावा. त्यातील शेवटचा ‘ई३’ घातांकासाठी तीन अंकांची जागा राखतो. ती राखली नाही, तर तीन अंकी घातांक लिहिताना फोर्ट्रान ‘ई’ हे अक्षरच गाळतो आणि पायथनला ती संख्या वाचता येत नाही. घातांकात ‘ई’ऐवजी ‘डी’ छापणाऱ्या जुन्या फाइलींचीही तीच गत होते. तेथे वाचण्यापूर्वी ‘डी’च्या जागी ‘ई’ घालावा. तक्ते हाताळणाऱ्या पांडास या पायथन लायब्ररीने वाचायचे असल्यास फ्लोट-प्रिसिजनचा पर्याय ‘राउंड-ट्रिप’ ठेवावा.

मोजमापाच्या एककाकडे याहून अधिक लक्ष द्यावे. उदाहरणार्थ, कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ४२ फूट १० इंच ही पातळी कोणी ‘४२.१०’ अशी लिहिली असेल, तर संख्या म्हणून वाचताच शेवटचे शून्य गळते आणि ‘४२.१’ उरते, म्हणजे ती ४२ फूट १ इंचापासून वेगळी ओळखताच येत नाही. धोका पातळीला दोन इंच उरले आहेत की अकरा, हा फरक पूरकाळात फार मोठा आहे. म्हणून असा स्तंभ आधी मजकूर म्हणून वाचावा, बिंदूवर तोडावा आणि सर्व पातळ्या पूर्ण इंचांत, म्हणजे येथे ५१४, अशा साठवाव्यात. तसेच नोंद नसलेल्या दिवसासाठी शून्य कधीही लिहू नये, कारण शून्य पाऊस ही स्वतःच एक नोंद आहे. उणे ९९९ सारखी खूण वापरली असल्यास बेरीज करण्यापूर्वीच तिचे ‘नॅन’मध्ये, म्हणजे ‘संख्या नाही’ या खास मूल्यात, रूपांतर करावे.

आकडे लाखोंच्या घरात गेले, की बायनरी फाइल, म्हणजे मजकुराऐवजी थेट बाइट साठवणारी फाइल, सोयीची पडते. फाइल उघडताना ‘ॲक्सेस’ला ‘स्ट्रीम’ असे सांगावे. ही सोय फोर्ट्रान २००३ पासून आहे. नेहमीच्या क्रमवार अनफॉरमॅटेड (बायनरी) फाइलमध्ये जीफोर्ट्रान हा फोर्ट्रान कंपायलर प्रत्येक रेकॉर्डच्या, म्हणजे एका वेळी लिहिलेल्या गटाच्या, आधी आणि नंतर चार-चार बाइट लांबीची नोंद घालतो आणि पायथनमधील नमपाय या संख्यांच्या लायब्ररीचे फाइल वाचणारे ‘फ्रॉमफाइल’ त्या नोंदींनाही आकडेच समजते. आपल्या ॲरेत दुहेरी अचूकतेच्या, प्रत्येकी आठ बाइटांच्या १४६४ संख्या आहेत, तेव्हा स्ट्रीम फाइल नेमकी ११,७१२ बाइटांची भरली पाहिजे. ती ११,७२० भरली, तर संपूर्ण ॲरे एकाच रेकॉर्डमध्ये लिहिला गेला आहे, असे समजावे.

यापुढची चूक सर्वांत घातक, कारण तिच्यासाठी कोणताही एरर येत नाही. फोर्ट्रान ॲरे स्तंभामागून स्तंभ असा लिहितो, तर नमपाय एरवी ओळीमागून ओळ भरते. त्यामुळे पहिल्या तालुक्याचे पहिले बारा दिवस पायथनमध्ये पहिल्या दिवसाचे बारा तालुके होऊन बसतात. ‘रीशेप’ने वाचलेल्या आकड्यांना ओळी-स्तंभांचा आकार देताना ‘ऑर्डर’ला ‘एफ’ दिले, की हे टळते.

पडताळणीसाठी संपूर्ण ॲरेची एकच बेरीज जुळवणे पुरेसे नाही, कारण क्रम उलटापालटा झाला तरी ती जवळपास तीच येते. प्रत्येक तालुक्याची स्वतंत्र बेरीज दोन्हीकडे छापावी. बेरजेच्या क्रमामुळे अगदी शेवटच्या अंकांत फरक पडला तर चिंता नको. मात्र अतिवृष्टीचा गगनबावडा आणि कमी पावसाचा शिरोळ या तालुक्यांचा हंगामी पाऊस सारखाच दिसू लागला, तर क्रम बिघडला आहे, हे जिल्ह्याचा पाऊस माहीत असलेल्या कोणालाही तत्काळ कळेल. हीच माहिती वर्षानुवर्षे इतरांच्या हाती जाणार असेल, तर नेटसीडीएफ हे वैज्ञानिक माहितीसाठीचे फाइल-स्वरूप निवडावे. त्यात तालुक्यांची नावे, एकक आणि गहाळ नोंदीची खूण आकड्यांसोबत त्याच फाइलमध्ये राहते.