दोन शाखा आणि एकच १९२.१६८.१: टनल टाकण्याआधीची तयारी

पुण्याच्या मुख्य कार्यालयात आयपी पत्त्यांची रेंज (सबनेट) १९२.१६८.१.०/२४, म्हणजे १९२.१६८.१ ने सुरू होणारे सगळे पत्ते, आणि कोल्हापूरच्या शाखेतही तेच. राउटर खोक्यातून काढला आणि तसाच लावला की हे होतंच. आता दोन्ही नेटवर्क इंटरनेटवरून सुरक्षितपणे जोडणारा व्हीपीएन टनल टाकायचाय. फायरवॉलला हात लावण्याआधी कागदावरचं काम उरका.

पहिलं म्हणजे दोन्ही जागी खरोखर काय चालू आहे ते शोधा. कुणीतरी कधीकाळी भरलेल्या एक्सेल शीटवर जाऊ नका. ऐन कामाच्या वेळेत नेटवर्क स्कॅन करा आणि डीएचसीपीची (मशीनना आपोआप आयपी वाटणाऱ्या सेवेची) लीज यादी, म्हणजे कुणाला कोणता पत्ता किती काळासाठी दिलाय ती यादी, त्याच्याशी ताडून पाहा. स्कॅनमध्ये दिसतात पण लीजमध्ये नाहीत, ती खरी डोकेदुखी: प्रिंटर, बायोमेट्रिक, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, टॅलीचा सर्व्हर. यांचे आयपी हाताने टाकलेले असतात. डीव्हीआरचा पासवर्ड बहुतेकदा बसवणाऱ्याकडेच असतो, तो आत्ताच मागून घ्या.

गोंधळ नेमका कुठे होतो ते टीमलाही दाखवा. समजा पुण्याचा टॅली सर्व्हर १९२.१६८.१.१० वर आहे आणि कोल्हापुरात त्याच नंबरवर बायोमेट्रिक मशीन. कोल्हापूरच्या पीसीला हा पत्ता आपल्याच सबनेटमधला वाटतो, म्हणून तो गेटवेकडे (बाहेर नेणाऱ्या राउटरकडे) जातच नाही, जागच्या जागी एआरपी करतो, म्हणजे आपल्याच नेटवर्कमध्ये 'हा पत्ता कुणाचा?' असं विचारतो. पिंगला झकास उत्तर येतं, पण ते बायोमेट्रिकचं. टनल हिरवा दिसतो, टॅली मात्र उघडत नाही, आणि सगळे टनलवर खापर फोडतात.

मग ठरवा: एका शाखेचे आयपी बदलायचे की नॅट लावायचं, म्हणजे फायरवॉलवरच पत्ते वाटेत बदलून घ्यायचे? माझं मत सरळ आहे. वीस-पंचवीस मशीनची शाखा असेल तर आयपीच बदला. एक रविवार जातो आणि विषय संपतो. नॅट तेव्हाच, जेव्हा समोरची बाजू आपल्या हातात नाही किंवा एखादं जुनं मशीन आयपी बदलू देत नाही.

नवी रेंज निवडताना १०.०.०, १०.१.१ असले सोपे आकडे घेऊ नका. पुढच्या शाखेतही तेच सुचलेले असतात. खाजगी पत्त्यांचे नियम सांगणारा फेब्रुवारी १९९६ चा आरएफसी १९१८ हा इंटरनेटचा दस्तऐवज सुद्धा यादृच्छिक निवड करा असंच बजावतो. १७२.१७ टाळा, डॉकर (सर्व्हरवर ॲप कंटेनरमध्ये चालवणारं सॉफ्टवेअर) डिफॉल्टने तिथेच बसतो. १००.६४.०.०/१० ही रेंज इंटरनेट कंपन्यांच्या सामायिक नॅटसाठी राखलेली आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. आणि घरून व्हीपीएनने येणाऱ्यांचे राउटरही बहुधा १९२.१६८.० किंवा १ वरच असतात, म्हणून मुख्य कार्यालयही कधीतरी हलवावं लागेल हे धरूनच चाला.

आयपी बदलणार असाल तर डीएचसीपीची लीज आधीच तासाभरावर आणा. विंडोज सर्व्हरवर ती मुळात आठ दिवसांची असते, म्हणून हे किमान आठ दिवस आधी. हाताने टाकलेले पत्ते जमतील तिथे डीएचसीपी रिझर्व्हेशनवर घ्या, म्हणजे त्या मशीनला डीएचसीपीकडूनच नेहमी ठरलेला पत्ता मिळेल. पीसीवर आयपीने जोडलेले प्रिंटर, डीव्हीआरचं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून कॅमेरे बघण्यासाठी राउटरवर उघडलेली वाट), फायरवॉलचे नियम यांची वेगळी यादी हवी. शाखेत मोबाइल हॉटस्पॉट घेऊन एक माणूस बसवा, कारण गेटवे बदलताच तुमचं रिमोट सेशन तुटणार.

नॅटच लागलं, तर वन-टू-वन लावा, म्हणजे प्रत्येक जुन्या पत्त्याला एकच नवा पत्ता, आणि शेवटचा आकडा तोच ठेवा: पुणे म्हणजे १०.९१.१, कोल्हापूर म्हणजे १०.९१.२. मग कोल्हापूरला पुण्याची टॅली १०.९१.१.१० वर सापडेल. टनलच्या फेज टूमध्येही (कोणते सबनेट टनलमधून जातील ते लिहायची सेटिंग) हेच बदललेले सबनेट लिहा, मूळ १९२.१६८.१ लिहिलंत तर ट्रॅफिक टनलमध्ये शिरणारच नाही. नावाने उघडणाऱ्या गोष्टींसाठी समोरच्या शाखेच्या डीएनएसला (नावावरून आयपी सांगणाऱ्या सेवेला) नवा पत्ता सांगावा लागेल. आयपी फोन असतील तर आधी दोन फोनवर बोलून बघा, कारण एसआयपी, म्हणजे हे फोन कॉल जोडायला वापरतात तो प्रोटोकॉल, पत्ता पॅकेटच्या आत घालून पाठवतो आणि नॅटला तो बदलता येईलच असं नाही. घंटी वाजते, आवाज येत नाही.

जुन्या कॉन्फिगचा बॅकअप दोन्ही फायरवॉलचा घ्या, आणि फाइल उघडते का तेही पाहा. तारीख अकाउंट्सला विचारून ठरवा: जीएसटीआर-१ ची ११ आणि ३बी ची २० तारीख जवळ असेल, तर तुमचा रविवार पुढे ढकला.