टूरिंग म्युझिकलमध्ये स्विंग म्हणून जाताय? स्टेप्सच्या आधी विंग पाठ करा

अ‍ॅनिमेशन फिल्मवरून केलेल्या म्युझिकलच्या टूरवर स्विंग म्हणून, म्हणजे कुणी आला नाही की त्याच्या जागी उतरणारा राखीव कलाकार म्हणून, तुमची निवड झाली असेल तर अभिनंदन, आणि लगेच दुसरं वाक्य: स्टेप्स पाठ झाल्या म्हणजे ट्रॅक (एका कलाकाराचं शोभरातलं स्टेजवरचं आणि विंगेतलं सगळं काम) पाठ झाला असं अजिबात समजू नका. स्विंग आणि अंडरस्टडी (एखाद्या मोठ्या भूमिकेचा राखीव नट) यांत फरक काय, आठवड्याला आठ प्रयोग म्हणजे शरीराची काय वाट लागते, हे तुम्हाला माहीतच असणार, त्यात जात नाही.

सुरुवातीला शोचा व्हिडिओ मिळतो, डान्स कॅप्टनचे, म्हणजे शोचा नाच सांभाळणाऱ्याचे, तक्ते मिळतात. स्टेजच्या पुढच्या कडेला नंबर असतात, मधोमध शून्य आणि दोन्ही बाजूंना दोन, चार, सहा असे फुटांप्रमाणे वाढत जाणारे, आणि कोण कुठल्या काउंटला कुठल्या नंबरवर हे वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी लिहून काढताना मजा पण येते. मग वाटायला लागतं की आता मला कुणाच्याही जागी उभं करा. खरी गोची इथे आहे. व्हिडिओ प्रेक्षकांच्या बाजूने घेतलेला असतो. माणूस विंगेत शिरला की व्हिडिओपुरता तो संपला, आणि त्याच्या ट्रॅकचं निम्मं काम तर तिथेच असतं!

माझ्याकडचा एक ट्रॅक सांगते. डावीकडून एक्झिट, आणि पुढच्या गाण्याच्या मध्यावर तोच माणूस उजवीकडून पक्षी घेऊन येतो. कागदावर एवढंच. प्रत्यक्षात बाहेर पडल्या पडल्या डोक्यावरचा मुखवटा उजव्या हाताने द्यायचा, कारण डाव्या हातात अजून काठी आहे. ड्रेसर, म्हणजे कपडे बदलून देणारी, दुसऱ्या विंगेत वेल्क्रो उघडून उभी असते, तिच्याकडे पाठ करायची, तोंड नाही. मग पडद्याला चिकटून थांबायचं, कारण मोठं पपेट घेऊन दोघं जण आत जाणार असतात आणि त्यांना खालचं काही दिसत नाही. ते गेले की मागच्या बाजूने पलीकडे पळायचं, टेबलावरून स्वतःचाच पक्षी उचलायचा (दोन सारखे दिसतात, एकाचा दांडा आखूड आहे) आणि क्यू लाइटकडे, म्हणजे एन्ट्रीची खूण देणाऱ्या दिव्याकडे, बघत थांबायचं. यातलं काहीही व्हिडिओत नाही. मला पहिल्यांदा ऐनवेळी आत घातलं तेव्हा स्टेजवर सगळं व्यवस्थित झालं, बाहेर आले आणि समोर मोकळी जागा दिसली तिथे उभी राहिले. ती मोकळी होती कारण तिथून सेटचा जिना यायचा होता. क्रूमधल्या एकाने दंडाला धरून मागे ओढलं, एक शब्द न बोलता.

हे सगळ्याच म्युझिकलमध्ये असतं, पण अ‍ॅनिमेशनवरून आलेल्यात जास्त, कारण पडद्यावर जे चित्र होतं ते इथे कुणाला तरी अंगावर वागवावं लागतं. ‘द लायन किंग’ १९९७ साली ब्रॉडवेवर आलं तेव्हा ज्युली टेमोरने पपेट आणि माणूस दोन्ही उघड दिसू दिले, त्यात गवताळ माळसुद्धा नट डोक्यावर घेऊन येतात. ‘श्रेक’च्या मूळ ब्रॉडवे प्रयोगात बुटका लॉर्ड फारक्वाड करणारा नट गुडघ्यांवर चालायचा, त्याला अरुंद विंगेत ‘जरा सरक’ म्हणून बघा. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मध्ये तर एक बाई चक्क कपाट आहे.

आता टूरचा भाग, इथे नीट लक्ष द्या. मोठ्या टूर स्वतःचा डेक, म्हणजे स्टेजवर अंथरायची जमीन, बरोबर घेऊन फिरतात. त्यामुळे नंबर प्रत्येक शहरात तेच. विंग मात्र त्या त्या थिएटरची. कुठे ऐसपैस, कुठे दोन माणसं समोरासमोर आली की एकाने मागे जायचं. पलीकडे जायची वाट कुठे मागच्या पडद्यामागून तर कुठे जिना उतरून स्टेजखालून, म्हणजे तुमच्या पळण्याचं गणितच बदललं. शिवाय बरेचसे ड्रेसर त्या त्या शहरातले असतात, चेंज त्यांनाही नवा असतो. कुठला हात आधी, झिप कुठे, हे तुम्हालाच सांगावं लागतं, आणि तुम्ही तो चेंज फक्त लांबून बघितला असेल तर दोघांचीही तारांबळ.

म्हणून ज्याचा ट्रॅक शिकताय त्याच्या मागे काळे कपडे घालून अख्खा शो विंगेत फिरा, आधी विचारून, आणि कुणाच्या पायात न येता. एकदा नाही, प्रत्येक ट्रॅकसाठी. स्टेजची वही वेगळी, विंगेची वेगळी. नव्या थिएटरमध्ये स्पेसिंग रिहर्सल (कोण कुठे उभा राहणार हे त्या जागेत बसवून बघणं) चालू असताना प्रेक्षागृहात बसून फोन बघणारे स्विंग मी बघितलेत, माझ्या मते ते पगार फुकट घेतात. प्रेक्षकांमधून एन्ट्री असेल तर दरवाजे आणि पायऱ्या स्वतः चालून बघा.

मूळ फिल्म पन्नास वेळा बघण्याचा सल्ला देणारे भेटतील. एकदा बघा, पुरे. स्टेजवर गाणी वाढतात, सीन इकडचे तिकडे होतात, आणि तुमचा ट्रॅक त्या फिल्ममध्ये नाहीच. ‘फील कर, आपोआप येईल’ म्हणणाऱ्या सीनियरपासूनही लांब राहा, ते बहुतेक वर्षानुवर्षं एकच ट्रॅक करणारे असतात. जुना स्विंग आणि वॉर्डरोबची हेड, हे खरे गुरू, आणि वॉर्डरोबच्या हेडला कामाच्या वेळेत छळायचं नाही.

घाबरू नका मात्र. आजारपणाची साथ आली की एकाच माणसाला दोन ट्रॅकचे तुकडे जोडून करावे लागतात, ऐकायला भयानक वाटतं, पण एक प्राणी कमी आला हे प्रेक्षकांत कुणाच्या लक्षात येत नाही, पोरांच्या तर नाहीच. आतले लोकही सांभाळून घेतात, विंगेत एक हात पाठीवर येतो आणि तुम्ही योग्य जागी ढकलले जाता. त्याची लाज वाटून घेऊ नका.

सही करायच्या आधी दोन गोष्टी विचारा: किती ट्रॅक कव्हर करायचे, आणि कॉस्च्युमसकट पुट-इन रिहर्सल, म्हणजे नव्या माणसाला शोमध्ये बसवून घेण्याची तालीम, मिळणार का. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक गोलमोल येईल. तेव्हा निदान क्विक चेंजेस खऱ्या कपड्यांत, खऱ्या अंधारात एकदा करून द्या एवढं तरी मागा, आणि ते पहिल्या शहरातच मागा, पुढे वेळ कुणाकडेच नसतो.